वरचे वीस अंश

आमच्या साडूंना चहा दिला की ते तो लगेच पीत नाहीत. आधी कपाला उलटा हात लावतात, डोळे अर्धवट मिटतात आणि म्हणतात, "अठ्ठ्याहत्तर. जरा थांबू." लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मला वाटलं, मी या घरात आलेला अठ्ठ्याहत्तरावा पाहुणा आहे. मी आपला नम्रपणे हसलो. तेही हसले. दोघांच्या हसण्याची कारणं वेगळी होती, हे मला बायकोने घरी परत आल्यावर सांगितलं.

साडूंना त्यांच्या कामाच्या ठिकाणी सगळे नव्वदराव म्हणतात, आणि आता घरातही तेच नाव रुळलंय. गेली तेवीस वर्षं ते शर्यतीच्या गाड्यांचे टायर सांभाळतात. टायर बसवणारे वेगळे, काढणारे वेगळे, हवा भरणारे वेगळे. नव्वदरावांचं काम एकच. टायरला ताप किती आहे, ते बघायचं.

हे काम मला सुरुवातीला अगदीच किरकोळ वाटलं होतं. तसं मी एकदा बोलूनही दाखवलं. त्यानंतर दीड तास मी त्यांच्या गॅरेजात एका उलट्या बादलीवर बसून होतो आणि नव्वदराव मला टायर समजावून सांगत होते. त्यातलं मला जे कळलं ते असं. शर्यतीचा टायर आपल्या स्कूटरच्या टायरसारखा समंजस नसतो. तो गुळगुळीत असतो आणि अत्यंत मानी असतो. थंड असला तर रस्त्याशी बोलतच नाही. गाडी ओल्या साबणावर पाय पडल्यासारखी जाते. फार तापला तर त्याचे पापुद्रे सुटतात, फोड येतात आणि तो कामातून जातो. या दोहोंच्या मधे, नव्वद अंशांच्या आसपास, एक छोटीशी जागा आहे. तिथे पोचला की तो रस्त्याला असा चिकटतो, जसं शाळेच्या पहिल्या दिवशी मूल आईच्या पायाला चिकटतं. सगळी शर्यत त्या जागेत राहण्याची असते. इंजिन, ड्रायव्हर, मालक, टाळ्या हे सगळं नव्वदरावांच्या मते वरचं सामान.

शर्यतीआधी टायरना विजेवर तापणारी ब्लँकेटं गुंडाळतात. त्यांचं बटण नव्वदराव सत्तरवर ठेवतात. मी विचारलं, नव्वद हवेत तर नव्वदलाच का नाही ठेवत? एकदाची कटकट मिटेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला बादलीसकट मागे सरकावंसं वाटलं.

"सत्तर आपण द्यायचे," ते म्हणाले. "वरचे वीस तिचे तिने रस्त्यावर कमवायचे."

ती म्हणजे गाडी. पहिल्या दोन-तीन फेऱ्या सबुरीने काढल्या की टायर आतून-बाहेरून सारखा तापतो आणि मग शेवटपर्यंत साथ देतो. आधीच नव्वदवर नेऊन सोडला, तर सुरुवात झोकात होते, पण पुढे वाढायला त्याच्याकडे जागाच उरत नाही. पाचव्या-सहाव्या फेरीला तो शंभरावर, मग एकशे दहावर, आणि मग तो टायर राहत नाही, नुसतं काळं दुःख राहतं. 'काळं दुःख' हे शब्द नव्वदरावांचे आहेत.

त्यांची एक वही असते. गाडी आत आली की मिनिटभराच्या आत ते गुडघ्यावर बसतात आणि प्रत्येक टायरमध्ये तीन ठिकाणी तापमापकाची सुई टोचतात. आत, मधे, बाहेर. चार टायरांचे बारा आकडे वहीत जातात. मधला आकडा चढलेला असेल तर हवा जास्त झाली. दोन्ही कडा चढलेल्या असतील तर हवा कमी पडली. नुसती आतली कड चढली असेल तर चाक आत कललंय. आणि सगळंच चढलं असेल तर दोष ड्रायव्हरच्या उजव्या पायात आहे. त्या मिनिटभरात जगात दुसरं काहीही घडलं तरी ते थांबत नाहीत, कारण टायर निवतो. एकदा कोणी बडे पाहुणे त्यांच्याशी हात मिळवायला आले. नव्वदरावांनी त्यांच्या पुढे केलेल्या हातात सुईची वायर दिली आणि म्हणाले, "जरा धरा."

वहीतला आकडा त्यांनी कधी खोडला नाही की कधी सोयीचा करून लिहिला नाही. चुकीचा आला तरी चुकीचाच लिहायचा. मनुष्य तसा मवाळ. बायकोपुढे, मुलीपुढे, माझ्यापुढेसुद्धा माघार घेईल. आकड्यापुढे मात्र कोणाचं चालत नाही.

ते मुळात पावाच्या भट्टीवर कामाला होते. भट्टीच्या दारात हात धरून ते आतली ऊब सांगत. एकदा भट्टीसमोर एक शर्यतीची गाडी घेऊन जाणारा ट्रक बंद पडला. नव्वदराव हात पुसत बाहेर आले, गाडीच्या टायरवर उलटा हात फिरवला आणि म्हणाले, ही आतल्या अंगाने जास्त भाजलीय. ट्रकमध्ये पुढे गाडीची मालकीण बसली होती. ती खाली उतरली, टायर पाहिला, मग या माणसाकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात नव्वदराव पीठ झटकून गॅरेजात रुजू झाले. त्या मालकीणबाई आता सत्तरीच्या पुढे आहेत, गळ्यात घड्याळ आणि हातात काठी घेऊन घडीच्या खुर्चीत बसतात आणि दिवसाला साधारण अकरा शब्द बोलतात.

नव्वदराव गॅरेजात लागले त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली. तीन आठवडे आधीच झाली. थांबणं तिच्या स्वभावात तेव्हापासूनच नाही. थंडीचे दिवस होते. माझी थोरली मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, दवाखान्यात पडून होत्या आणि बाळ एवढंसं. नव्वदरावांनी पाळण्यात हात घालून पाहिला आणि ऊब कमी वाटल्यावर ते थेट गॅरेजात गेले आणि टायरचं कोरं ब्लँकेट घेऊन आले. वायर भिंतीत खोचणार, एवढ्यात नर्स आली. तिने ते ब्लँकेट त्यांच्या हातातून ओढून घेतलं. "मूल आहे ते," ती म्हणाली, "चाक नाही." ही गोष्ट ताई वर्षातून दोनदा तरी सांगतात, आणि नव्वदराव प्रत्येक वेळी तितक्याच मनापासून लाजतात.

त्या मुलीला लहानपणापासून सगळे भिंगरी म्हणतात. गॅरेजात टायरांच्या ढिगावर ती अभ्यासाला बसे, आणि अभ्यास सोडून बाकी सगळं शिके. बाविसाव्या वर्षी मालकीणबाईंनी तिला गाडीत बसवलं. नव्वदरावांची मुलगी म्हणून नाही. तिचा वेळ घड्याळावर पाहून. भिंगरी वेगवान होती यात वादच नव्हता. अडचण एवढीच, की तिला पहिल्या वळणापासूनच पहिलं यायचं असे. त्या मोसमात दोन शर्यतींत ती पहिल्याच फेरीत थंड टायरवर घसरली आणि गाडी रस्ता सोडून मातीत जाऊन बसली. दोन्ही वेळा ती हेल्मेट काखेत घेऊन पायी परत आली, आणि दोन्ही वेळा तिने बापाला एकच ऐकवलं, "बाबा, तुमचे टायर थंड होते." बापानेही एकच उत्तर दिलं, "टायर थंड होते, तू गरम होतीस."

दुसऱ्या वेळेनंतर मालकीणबाई खुर्चीतून न उठता बोलल्या. मोसमात दोन शर्यती उरल्या होत्या. त्यातल्या एकीत तरी गाडी पहिल्या पाचांत आणली, तर पुढच्या वर्षीही गाडी भिंगरीची. नाहीतर दुसरा मुलगा बघून ठेवलाय. हे सांगताना त्यांचे दिवसाचे सगळे शब्द खर्ची पडले, त्यामुळे भिंगरीने पुढे जे काही विचारलं त्याला उत्तर मिळालं नाही.

त्या दोनांतल्या पहिल्या शर्यतीला मी होतो. भिंगरीने काय सुरुवात केली म्हणता. पहिलं वळण तिने असं घेतलं, की गाडी रुळावर बसवल्यासारखी. तिसऱ्या फेरीला ती दुसरी होती. माझ्या बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला, की त्याची निशाणी चार दिवस टिकली. मग सहाव्या फेरीला गाडी वळणावर जरा बाहेर गेली. आठव्या फेरीला आणखी. पुढे जे सुरू झालं ते बघवेना. गाडीचं मागचं अंग डुलायला लागलं आणि एकेक जण तिला ओलांडून गेला. भिंगरी नववी आली. टायरांवर मोठाले फोड होते. मालकीणबाई म्हणाल्या, "टायर खाल्लेस." भिंगरीने मान खाली घातली. दोष आपल्याच उजव्या पायाचा, असं तिने मान्यच करून टाकलं, आणि तिच्याकडून असं काही मान्य होण्याची ती पहिलीच वेळ. नव्वदराव गुडघ्यावर बसून आकडे लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडून नेलेलं ड्रिल मशीन परत द्यायला गेलो. स्वयंपाकघरात बाप-लेक टेबलाशी बसले होते. ताईंनी नव्वदरावांपुढे चहा ठेवला, आणि त्यांनी कपाला हात न लावताच घोट घेतला. जीभ पोळली. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी ताईंकडे पाहिलं. तेवीस वर्षांत हे घडलं नव्हतं. काहीतरी भयंकर झालंय, हे आम्हाला दोघांनाही त्याच क्षणी कळलं.

नव्वदरावांनी वही उघडून भिंगरीपुढे सरकवली.

"ब्लँकेट नव्वद?" ती म्हणाली. "सत्तर लिहायचं होतं ना तुम्हाला?"

"नव्वदच होतं."

"कोणी ठेवलं?"

"मी."

मी ड्रिल मशीन पोटाशी धरून उभा होतो. ते खाली ठेवलं तर आवाज होईल, म्हणून तसाच उभा राहिलो.

"पहिल्या वळणावर तू घसरशील, अशी भीती वाटली," नव्वदराव म्हणाले. "म्हणून तुझे वीस मीच देऊन टाकले."

"म्हणजे मला जमणार नाही, असंच तुम्ही धरून चाललात."

"धरून नाही चाललो. भीती वाटली."

"एकच आहे ते." तिचा आवाज चढला होता. काल सगळ्यांसमोर मान खाली घातली होती ती कशासाठी, रात्रभर स्वतःला दोष दिला तो कोणामुळे, हे सगळं तिने एका दमात सांगितलं. तिला राग टायर गेल्याचा नव्हता. ज्या माणसाने आजवर कोणासाठी एक अंश इकडचा तिकडे केला नाही, त्याने तिच्यासाठी वीस केले, आणि ते तिला कच्ची समजून केले, हे तिला लागलं होतं. नव्वदराव ऐकून घेत होते. मधे त्यांनी फक्त वहीचा कोपरा सरळ केला.

ताई ओट्याशी पाठमोऱ्या होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "तुझ्या जन्माच्या वेळी यांनी हाच उद्योग केला होता. तेव्हा मुलाला चाक समजत होते. आता चाकालाच मूल समजायला लागलेत."

भिंगरीला हसायचं नव्हतं. तिने ओठ घट्ट दाबून धरले, खिडकीबाहेर पाहिलं, पण खांदे हलायला लागले आणि मग तिचा नाइलाज झाला. नव्वदराव सवयीने लाजले. मी ड्रिल मशीन खाली ठेवलं.

मग वाटाघाटी झाल्या. भिंगरीचं म्हणणं, शेवटच्या शर्यतीला सत्तर म्हणजे सत्तर, एक अंश वर चालणार नाही. आणि पहिल्या दोन फेऱ्या ती कोणाशीही झटणार नाही, ज्याला पुढे जायचंय त्याला जाऊ देईल. नव्वदराव म्हणाले, त्या दिवशी हवा गार असणार, तीन फेऱ्या. भिंगरी म्हणाली, अडीच. अर्धी फेरी कशी मोजणार, असं मी विचारलं. माझ्याकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही.

त्याच दिवशी नव्वदराव मालकीणबाईंकडे जाऊन सगळं सांगून आले. त्यांनी वही मागून घेतली आणि तो आकडा बराच वेळ पाहिला. त्या इतकंच म्हणाल्या, की हा सत्तर लिहिलेला असता तर नव्वदरावांना आज परत पावाच्या भट्टीवर पाठवलं असतं. अट मात्र तीच राहिली. पहिल्या पाचांत, नाहीतर नाही.

शेवटच्या शर्यतीच्या दिवशी आभाळ आलेलं होतं. वीस फेऱ्या होत्या आणि भिंगरीची गाडी सहाव्या जागी उभी होती. सुटायच्या आधी ब्लँकेटं काढली, तेव्हा नव्वदराव चारही टायरांवर उलटा हात ठेवून आले. मग त्यांनी खाली वाकून रस्त्यालाही हात लावला आणि चेहरा वाकडा केला. रस्ता गार होता. इतरांची ब्लँकेटं काढली तेव्हा तिकडून वाफ येत होती, ती आम्ही सगळ्यांनीच पाहिली. त्या गार हवेला घाबरून बऱ्याच जणांनी बटणं वर चढवली होती. नव्वदरावांनी तिकडे नुसता एक कटाक्ष टाकला. महिनाभरापूर्वीचा स्वतःचा फोटो पाहावा, तसा.

ते कधी ड्रायव्हरशी रेडिओवर बोलत नाहीत. त्या दिवशी मालकीणबाईंनी कानाला लावायचं यंत्र काठीच्या टोकाने त्यांच्याकडे ढकललं.

गाड्या सुटल्या. पहिल्या वळणाला भिंगरी सहाव्यावरून आठवी झाली. फेरी पूर्ण होईपर्यंत दहावी. माझी बायको म्हणाली, मला हे बघवत नाही, आणि डोळे न मिटता बघत राहिली. नव्वदराव भिंतीशी उभे होते, डोळे मिटून, उलटा हात हवेत धरून. त्यांना घेरी येतेय असं वाटून कोणीतरी पाणी आणलं.

"बाबा, अकरावी आहे मी," रेडिओवर भिंगरी.

"मोजू नकोस. उजवं पुढचं अजून थंड आहे. सरळ रस्त्यावर ब्रेक जरा जास्त दाब."

"आता?"

"अजून नाही."

लहानपणी गावाला जाताना ती गाडीत दर पाच मिनिटांनी विचारायची, आलं का, आलं का. अगदी तोच सूर. आणि नव्वदरावांचं उत्तरही तेव्हाचंच. दुसरी फेरी झाली. मालकीणबाई काठी जमिनीवर आपटायला लागल्या.

"आता?"

"अजून नाही."

"बाबा, अडीच ठरले होते."

नव्वदरावांनी हवेतला हात एकदा वळवला, जणू त्याला दुसऱ्या बाजूने ऊब लागते का ते पाहिलं. तिसरी फेरी संपत आली होती.

"जा," ते म्हणाले.

पुढचं सांगायला मला मजा येते, पण नव्वदरावांना ऐकायला येत नाही. त्यांच्या मते शर्यत तिथेच संपली होती. भिंगरी एकदम उसळली वगैरे नाही. ती नुसती तशीच जात राहिली, एकसारखी, आणि पुढचे मागे यायला लागले. सातव्या फेरीला एकाचं मागचं अंग डुललं. नवव्या फेरीला आणखी दोघांचं. महिन्यापूर्वी जे तिचं झालं होतं तेच त्यांचं होत होतं. दहावी, नववी, आठवी. चौदाव्या फेरीला सहावी झाली आणि तिथेच अडकली. पुढच्या गाडीचा ड्रायव्हर जुना, मुरलेला. चार फेऱ्या तो तिला जागा देईना. आता मोजायला आमच्याकडे तीनच फेऱ्या उरल्या होत्या, आणि एक गाडी पुढे जाण्यावर पुढचं सगळं वर्ष अडून होतं. ताईंनी पर्समधून रुमाल काढला आणि त्याची घडी घालायला घेतली. घडी घातली, मोडली, परत घातली.

अठराव्या फेरीला, ज्या पहिल्या वळणावर ती दोनदा मातीत गेली होती, त्याच वळणावर तिने त्याच्या आतून गाडी घातली. टायर धरून राहिले. मालकीणबाई उभ्या राहिल्या आणि त्यांची काठी खाली पडली, ती कोणी उचलली नाही. शेवटच्या फेरीत आणखी एकाचे टायर संपले, आणि भिंगरी चौथी आली.

गाडी आत आली. आम्ही सगळे धावलो. भिंगरीने हेल्मेट काढलं, केस सगळे कपाळाला चिकटलेले, आणि तिने बापाला शोधलं. बाप गुडघ्यावर बसून उजव्या पुढच्या टायरमध्ये सुई टोचत होता.

मालकीणबाई काठीविना चालत आल्या. "गाडी पुढच्या वर्षीही तिचीच," त्यांनी नव्वदरावांच्या पाठीला सांगितलं.

"थांबा," नव्वदराव म्हणाले. "मागचं डावं राहिलंय."

मालकीणबाई थांबल्या. भिंगरी बापाशेजारी उकिडवी बसली, जमिनीवरची वही तिने मांडीवर घेतली आणि पेन उघडलं. "सांगा."

"एक्याण्णव. नव्वद. एक्याण्णव."

तिने लिहिलं. नव्वदरावांनी वहीत डोकावून ते तपासलं. मग सुई पुसून खिशात ठेवली आणि हात मोकळा झाला, तेव्हा त्याचं काय करावं हे न सुचून त्यांनी उलटाच तिच्या गालाला लावला.

"किती?" भिंगरीने विचारलं.

"जरा जास्त आहे," नव्वदराव म्हणाले. "असू दे."